शरणपूर ते फ्रिअर टाऊन

नाशिकच्या शरणपूर रोडवरून रोज ये-जा करणाऱ्याला विचारलं की इथे शरण नेमकं कोण आलं होतं, तर तो बहुधा गप्प बसेल. चर्च मिशनरी सोसायटीने 1850च्या दशकात इथे ख्रिस्ती वस्ती वसवली. तिथे धर्मांतरित मराठी कुटुंबं होती, तशी आफ्रिकन मुलांसाठीही वेगळी सोय होती. अरबी समुद्रात ब्रिटिश आरमार गुलाम वाहून नेणारी गलबतं पकडायचं आणि सुटलेली माणसं मुंबईला उतरवायचं. त्यातली कितीतरी अगदी लहान पोरं होती. आईबाप कुठे राहिले हे सांगता न येणारी. त्यातली काही नाशिकला आली. त्यांना इंग्रजी नावं मिळाली, लिहिणं-वाचणं आलं, सुतारकी-लोहारकी शिकवली गेली. पुढे त्यातली काही परत आफ्रिकेला गेली, केनियातल्या मोंबासाजवळच्या फ्रिअर टाऊन या वसाहतीत.

पूर्व आफ्रिकेतलं मिशनरी कुटुंब म्हटलं की गोरा पाद्री, त्याची बायको, व्हरांड्यात खेळणारी मुलं असं चित्र उभं राहतं. केनियाच्या किनाऱ्यावर ते चित्र फारसं जमलंच नाही. जर्मन मिशनरी योहान लुडविग क्राप्फ 1844 मध्ये मोंबासाला पोहोचला. आधीचं एक बाळ इथिओपियाच्या वाटेवर गेलं होतं. मोंबासात उतरून काही महिने होतात न होतात तोच पत्नी रोझीन तापाने गेली, पाठोपाठ नुकतंच जन्मलेलं बाळही. मोंबासा बेटासमोरच्या मुख्य भूमीवर तिला पुरलं. क्राप्फ मग एकटाच कामाला लागला आणि 1846 मध्ये सहकारी मिशनरी योहानेस रेबमानबरोबर आतल्या टेकड्यांवर रबाई इथे त्याने ठाणं उभारलं. 1848 मध्ये रेबमानने किलिमांजारोवरचं बर्फ पाहिलं, ते इथूनच आत जाऊन. विषुववृत्ताजवळ बर्फ कसलं, म्हणून युरोपातल्या विद्वानांनी त्याची खिल्ली उडवली. धर्मप्रसाराचं म्हणाल तर जवळजवळ तीस वर्षांत पदरात मूठभर माणसं. 1873 मध्ये सर बार्टल फ्रिअर रबाईला आला तेव्हा रेबमानला धड दिसतही नव्हतं. पत्नी जाऊनही काही वर्षं झाली होती.

फ्रिअर म्हणजे मुंबई इलाख्याचा माजी गव्हर्नर. झांझिबारच्या सुलतानाकडून गुलामांचा व्यापार बंद करवून घ्यायला त्याला पाठवलं होतं आणि त्या साली तसा करार झालाही. पण पकडलेल्या गलबतांवरची माणसं ठेवायची कुठे? आणखी किती दिवस मुंबईला पाठवायची? मोंबासाजवळच वसाहत करा आणि नाशिकची माणसं तिथे न्या, अशी शिफारस फ्रिअरने केली. 1874 मध्ये सोसायटीने शरणपूर चालवणाऱ्या विल्यम सॉल्टर प्राइसलाच तिकडे धाडलं. रोझीनची कबर ज्या किनाऱ्यावर आहे, त्याच किनाऱ्यावर 1875 मध्ये फ्रिअर टाऊन उभं राहिलं.

नाशिकची काही मंडळी मात्र दहा वर्षं आधीच रबाईत होती. विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड हे 1864 मध्ये बायकांसह गेले होते. दुसरे काही आफ्रिकेचा अंतर्भाग धुंडाळणाऱ्या डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या तांड्यात गेले. 1873 मध्ये चितांबोच्या गावात लिव्हिंगस्टन वारला, तेव्हा त्याचं हृदय तिथेच एका झाडाखाली पुरलं; त्यावर माती लोटताना प्रार्थना म्हटली ती नाशिकमध्ये वाढलेल्या जेकब वेनराइटने. झाडावर त्याचं नाव कोरलंही त्यानेच. देह पुढे वाळवून, कापडात बांधून किनाऱ्यापर्यंत आणला गेला. पुढच्या वर्षी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटी उचलणाऱ्यांत वेनराइट होता.

फ्रिअर टाऊनमध्ये मदतकार्य म्हणजे मुळात संसार मांडून देणं होतं. आरमाराच्या बोटीतून उतरणाऱ्यांत सगळे एका भाषेचेही नसत. आधी शिधा, कपडे आणि औषध, मग झोपडीपुरती जागा आणि शांबा, म्हणजे शेताचा तुकडा. पोरं शाळेत, मोठ्यांची लग्नं लावायची. आणि हे सगळं समजावून कोण सांगणार, तर स्वतः असंच कधीतरी बोटीतून उतरलेलं नाशिकचं जोडपं. त्यांना तिकडे ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. या नावात कौतुक होतं तसा टोमणाही होता. युरोपियन कपडे घालणारी, इंग्रजी बोलणारी ही माणसं आजूबाजूच्यांना परकी वाटत आणि काही गोऱ्या पाद्र्यांना डोईजड. काम तेच, पगार मात्र कमी, ही त्यांची तक्रार. माझ्या मते ती रास्तच होती. 1880च्या सुमाराला वसाहतीत माणसांना फटके मारल्याचं प्रकरण बाहेर आलं, चौकशी झाली आणि सावरायला प्राइसला परत बोलवावं लागलं. आश्रय देणाऱ्याचा हात असाही असतो.

1884च्या आगेमागे किनाऱ्यामागच्या मुलखात मोठा दुष्काळ पडला. पोटासाठी लोक धान्याच्या बदल्यात पोरं गहाण टाकू लागले आणि गहाण पडलेलं पोर कधी गुलाम होऊन जाईल याचा नेम नसे. तैता टेकड्यांवरचं सगलाचं ठाणं तर ओस पडलं, वाचलेल्यांना खाली रबाईला आणावं लागलं. याच रबाईत जोन्सच्या आसऱ्याने एक वेगळीच गर्दी वाढत होती: किनाऱ्यावरच्या मालकांकडून पळून आलेले गुलाम, स्वाहिलीत ‘वातोरो’. पळपुट्यांना थारा देऊ नये, अशी सोसायटीची अधिकृत भूमिका होती. जोन्सने ती फारशी मनावर घेतली नसावी. स्वतः लहानपणी विकला गेलेला माणूस दारात आलेल्याला परत कसा पाठवणार? 1888 मध्ये मालक खवळले आणि हल्ल्याची भाषा होऊ लागली. प्राइस पुन्हा आलाच होता. मोजदाद केली तर आकडा हजाराच्या वर गेला. शेवटी इंपीरियल ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीच्या जॉर्ज मॅकेन्झीने मालकांना भरपाई देण्याची तोड काढली. 1 जानेवारी 1889 रोजी रबाईत सुमारे 1,400 जणांना मुक्ततेचे दाखले वाटले गेले.

जोन्स आणि सेमलर यांना 1885 मध्ये पूर्व आफ्रिकेचा बिशप हॅनिंग्टन याने धर्मोपदेशकाची दीक्षा दिली होती. त्याच वर्षी हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेवर मारला गेला. उरलेल्या तांड्याला घेऊन ती बातमी किनाऱ्यावर आणणाराही जोन्सच. लिव्हिंगस्टनचा देह वाहून आणणाऱ्यांपैकी मॅथ्यू वेलिंग्टन, तोही नाशिकचाच, मोंबासात 1935 पर्यंत जगला.

मुंबईतला फ्रिअर रोड कधीच पी. डिमेलो रोड झाला. मोंबासात फ्रिअर टाऊन हे नाव अजून चालतं. वस्तीला धोक्याचा इशारा द्यायला जी घंटा वाजवत, तीही चौकाशेजारी उभी आहे. स्वाहिलीत घंटा म्हणजे ‘केंगेले’, म्हणून त्या भागाला केंगेलेनी म्हणतात, घंटेपाशी.