पार्श्वभूमी : साडेतीन स्टार, पण कशाला?

नव्वदच्या दशकात मुंबईच्या पुरवण्यांमध्ये नव्या गाण्यांना स्टार द्यायची पद्धत रुळली, तेव्हा गाणी कॅसेटवर यायची आणि एका कॅसेटवर पुष्कळदा दोन चित्रपट असायचे. ए बाजूला एक, बी बाजूला दुसरा. परीक्षण लिहिणाऱ्याला पहिली अडचण इथेच यायची. दोन निर्माते, दोन संगीतकार, इनले कार्डावर दोन जोड्यांचे फोटो, आणि चौकट मात्र एकच. मी काही काळ अशा चौकटी भरल्या आहेत. कॅसेटचं पाकीट कुरियरने यायचं, उपसंपादकाच्या टेबलावरच्या डेकवर ते एकदा ऐकायचं आणि दोनशे शब्द लिहून द्यायचे. कॅसेट परत मागत नसत. मानधन म्हणाल तर तेवढंच.

आमच्या पानाच्या फॉन्टमध्ये अख्खा तारा होता, अर्धा नव्हता. त्यामुळे तीन काळे तारे छापून पुढे बारीक अक्षरात १/२ टाकायचो. तरीही साडेतीनच सगळ्यात जास्त दिले जायचे. मराठी माणसाला साडेतीनचं वावडं नाहीच. आपले मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, अठराव्या शतकातले शहाणेसुद्धा साडेतीन. परीक्षकाच्या साडेतीनाचा अर्थ एवढाच असे, की चांगलं आहे, पण उद्या पडलं तर मला धरू नका.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात आटोपतो. ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मावत, म्हणजे दहा गाण्यांच्या बोलपटाच्या पाच तबकड्या. गिऱ्हाईक त्यातली हवी तेवढी घेई. मराठीत संगीतावर कसून लिहिणारे तेव्हाही होते. प्रभातच्या बोलपटांना चाली देणाऱ्या एका संगीतकारानेच 'एकलव्य' या नावाने समकालीन गायकांवर लिहिलं, आणि त्या लेखांत आवाजाची जात, दमसास, लयीशी केलेली लगट असं सगळं येतं. गुण मात्र कुणी दिले नाहीत. मैफलीला दहापैकी किती, असं विचारायची सोयच नव्हती.

आकडा आला तो रेडिओवरून. १९५२ मध्ये केंद्रातल्या नभोवाणी खात्याच्या मराठी मंत्र्यांनी आकाशवाणीवरची चित्रपटगीतं जवळपास बाहेर घालवली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस रेडिओ सिलोनवरून टूथपेस्टच्या नावाचा 'बिनाका गीतमाला' हा प्रसिद्ध साप्ताहिक कार्यक्रम सुरू झाला. पुढे त्यात गाणी पायदानांवर चढू-उतरू लागली. दुकानांतल्या रेकॉर्डचा खप आणि श्रोता संघांची पत्रं यांवर क्रम ठरायचा. विविध भारती १९५७ मध्ये आली तरी बुधवारची ती सवय मोडली नाही. त्या क्रमवारीतलं एकक होतं गाणं. चित्रपटातली बाकीची सात गाणी कशी आहेत, हा प्रश्न तिथे उपस्थितच होत नसे.

पारितोषिकांची कथा याच गोंधळाची. १९५४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या चित्रपट पारितोषिकांत संगीतकाराला पहिली दोन वर्षं एका गाण्यासाठी बक्षीस मिळालं. नंतर ते चित्रपटाच्या सगळ्या संगीतासाठी झालं. मग गाण्यात गायिकेचा वाटा किती? एका संगीतकार जोडीला बक्षीस मिळालं त्या वर्षी, आपल्यासाठी वेगळं पारितोषिक नाही तर मंचावर गाणार नाही, असं गायिकेने ठणकावून सांगितलं. पार्श्वगायनाचं पारितोषिक १९५९ पासून सुरू झालं. संपूर्ण संगीत की एक गाणं, हा वाद परीक्षणांच्या आधी पारितोषिकांत रंगला होता.

स्टारांचा उगम अमेरिकेतला. जाझच्या एका मासिकात १९५० च्या दशकातच रेकॉर्डना तारे मिळत होते. न्यूयॉर्कच्या एका साप्ताहिकात १९६९ पासून एक समीक्षक शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखे ए, बी, सी असे शेरे देऊ लागला. १९९० च्या दशकात एका संकेतस्थळाने शून्यापासून दहापर्यंत दशांशात गुण द्यायला सुरुवात केली: ६.८, ७.४ वगैरे. हा दशमांश कानाने कसा ऐकतात, ते मला अजून उमगलेलं नाही. २००१ मध्ये या सगळ्यांची मोळी बांधणारं संकेतस्थळ आलं. ते प्रत्येक शेऱ्याचं शंभरात रूपांतर करतं. ए म्हणजे १००, बी प्लस ८३, बी मायनस ६७, सी ५०. सरासरी काढताना कुणाच्या मताला किती वजन, हे ते सांगत नाही. आपल्याकडे काठावर पास म्हणून जे दिलं जातं ते तिथे ६७ होतं, आणि ते कोष्टकात बरं दिसतं. मुंबईत तयार होणारं संगीत मात्र त्या कोष्टकात क्वचितच सापडतं. निदान चार मान्य परीक्षणं असल्याशिवाय तिथे गुणच दाखवत नाहीत, आणि त्या मान्य यादीत आपली वर्तमानपत्रं कुठून असणार?

खरा गुंता मात्र ताऱ्यांचा नाही. तो 'अल्बम' या शब्दाचा आहे, आणि त्यावर जरा सविस्तर लिहायला हवं.

जाड पुठ्ठ्याच्या वहीत कागदी पाकिटं शिवून त्यांत तबकड्या ठेवत. फोटोंच्या वहीसारखी ती वही, म्हणून तिला अल्बम म्हणत. १९४८ मध्ये अमेरिकेत एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी आली आणि वहीतला ऐवज एकाच तबकडीवर मावू लागला. शब्द तेवढा टिकला. तिकडच्या गायकांनी मग चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचा आराखडा मनात धरून गाणी रचली आणि परीक्षकही त्या आराखड्याला तारे देऊ लागले. आपल्याकडे एलपीवर यायची ती चित्रपटाची गाणी. कथेतल्या प्रसंगांसाठी वर्षभरात तुकड्यातुकड्याने ध्वनिमुद्रित झालेली. त्यांचा क्रम लावायचा रेकॉर्ड कंपनीतला माणूस. १९७५ च्या 'शोले'च्या वेळी तर संवादांच्याच तबकड्या काढाव्या लागल्या आणि त्या घरोघरी वाजल्या. त्यांना कोणी किती तारे द्यावेत?

ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि हा शब्द आणखी सैल झाला. कोळीवाड्यांतून, लालबाग-परळच्या चाळींतून, आंबेडकरी जलशांतून आलेली गाणी कॅसेटवर चढली. वेसाव्याच्या कोळीगीतांच्या कॅसेटी लग्नाच्या हळदीत आजही वाजतात, आता पेनड्राइव्हवरून. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कच्या स्टॉलांवर भीमगीतांच्या कॅसेटींचे आणि पुढे सीडींचे ढीग लागत. यांतल्या एकाही कॅसेटचं परीक्षण आमच्या पानावर आल्याचं मला आठवत नाही. पाकीट कुरियरने यायचं ते कंपनीकडून. वेसाव्याहून कोण पाठवणार, आणि आम्ही आणायला कधी गेलो? ज्या गाण्यांवर अख्खं शहर नाचलं त्यांचा ताऱ्यांच्या हिशेबात पत्ताच नाही. हा आमचा आळस होता, त्याला अभिरुची म्हणू नये.

नंतर संगीत वाहिन्या आल्या, पॉप आलं, व्हिडिओ आले, आणि मराठीत 'अल्बम'ला भलताच अर्थ चिकटला. चित्रपटातलं नाही ते अल्बमचं. मग एकच गाणं असलं तरी चालेल. गणपतीच्या आधी वाडीतला पोरगा सांगतो, 'दादा, आमचा अल्बम आला,' आणि मोबाइलवर चार मिनिटांचा एक व्हिडिओ दाखवतो. होडी, झेंडे, पिवळ्या साड्या, ड्रोनने वरून घेतलेला समुद्र. कलाकारांची नावं सरकतात त्यात 'अल्बम' असंच लिहिलेलं असतं. त्याला चूक कोण म्हणणार? पुठ्ठ्याच्या वहीचा चित्रपटगीतांशी जेवढा संबंध होता, तेवढाच याचाही आहे.

परीक्षकांनी या गोंधळावर जो तोडगा काढला तो वादाचा ठरला. प्रत्येक गाण्याला वेगळे गुण देऊन सरासरी काढायची. कागदावर ठीक दिसतं. पण दोन हजारनंतर चित्रपटांच्या सीडींवर सहा गाणी आणि त्यांचीच चार-पाच रिमिक्स असा प्रकार सुरू झाला. रिमिक्स मोजायची की नाही? मोजली तर चांगल्या संगीताची सरासरी ढोलाखाली दबते. सोडली तर वाचक विचारतो, पैसे तर मी त्यांचेही दिले. माझं मत तेव्हाही होतं, आजही आहे, की मोजायला हवी होती, कारण कंपनीने ती विकली होती. पण बहुतेकांनी सोडली, आणि का सोडली ते छापलं नाही. एकच संगीत कुठे अडीच तर कुठे चार, याचं कारण पुष्कळदा रुचीत नसायचं, ते या न छापलेल्या नियमात असायचं.

पुढच्या दशकात एका चित्रपटाला तीन-चार संगीतकार असणं नेहमीचं झालं आणि सरासरीतला उरलासुरला अर्थही गेला. त्याच सुमारास मराठीत २०१६ चा 'सैराट' आला. गाणी फक्त चार, पण सुरावटी हॉलिवूडच्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलेल्या. आजच्या स्ट्रीमिंग कंपन्यांच्या सर्वसाधारण नियमानुसार चार ते सहा गाणी आणि अर्ध्या तासाच्या आतला ऐवज असेल तर तो अल्बम ठरत नाही, तो ईपी, म्हणजे अल्बमहून छोटा संच. महाराष्ट्रात कुणाला सांगून बघा की 'सैराट'चा अल्बम हा अल्बम नव्हता.

त्याच वर्षी फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी काळा घोड्याचं जुनं रेकॉर्ड-दुकान बंद झालं. तिथे काचेच्या खोपटात उभं राहून आधी ऐकायचं आणि मग घ्यायचं, अशी सोय होती. परीक्षण वाचून आत शिरलेला माणूस दोन गाणी ऐकून परीक्षकाशी मनातल्या मनात भांडत बाहेर पडे. आता ऐकायला पैसे पडत नाहीत, तेव्हा विकत घ्यावं की नाही हे सांगणाऱ्या ताऱ्यांना गिऱ्हाईक उरलेलं नाही. एक गाणं आज, दुसरं दहा दिवसांनी, शेवटचं चित्रपट लागल्यावर, अशी गाणी सुटी येतात. सगळी गोळा होईपर्यंत पहिल्याची रील जुनी झालेली असते, आणि किती जणांनी ऐकलं तो आकडा गाण्याखालीच लिहिलेला असतो. म्हणजे पुन्हा पायदानच, फक्त बुधवारची वाट बघावी लागत नाही.

आमच्या पानावरची ती चौकट कधी बंद झाली, हे नेमकं सांगता येणार नाही. आधी ती पंधरवड्याने येऊ लागली, मग जाहिरात आली की उडायची. तारे शुक्रवारच्या चित्रपट-परीक्षणात अजून आहेत, आणि आता फॉन्टमध्ये अर्धा ताराही आहे. संगीताच्या वाट्याला त्या परीक्षणात एक वाक्य येतं, बहुतेक वेळा शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, छायाचित्रण आणि संकलन यांच्यामध्ये.