पहिले अक्षर ठरलेले, घरे दोनच : छोट्या शब्दांच्या शोधामागचा इतिहास

शब्दकोड्यात 'ढ'पासून सुरू होणारा दोन अक्षरी शब्द हवा असतो. ढग, ढब, ढाल, ढोल, ढीग, ढेप हे शब्द लगेच सुचतात. मग लक्षात येते की उभ्या शब्दाने त्या घरात आधीच 'ढे' भरून ठेवला आहे. सहापैकी पाच शब्द तिथेच बाद होतात आणि उरते ती ढेप. मराठी कोड्याची खरी अडचण या एका घरात दिसते. पहिले अक्षर ठरलेले असते, त्याची मात्रा ठरलेली असते, लांबीही ठरलेली असते आणि या तिन्ही अटींवर शब्द काढून देईल असा कोश हाताशी नसतो. कोश उघडला की 'ढ'ची पाने मिळतात, पण त्यांत 'ढकलणे', 'ढग' आणि 'ढवळाढवळ' एकाच रांगेत उभे असतात. लांबी आपणच मोजायची.

आपल्याकडच्या कोशांत मात्र ही सोय एके काळी होती. तीही नऊशे वर्षांपूर्वी.

जुने संस्कृत कोश पाठ करण्यासाठी रचलेले होते. ते श्लोकबद्ध असत आणि त्यांची मांडणी विषयवार असे. अमरकोशात स्वर्ग, काल, वारी, भूमी, पूर, शैल, वनौषधी असे वर्ग आहेत. पाण्याला शब्द हवा असेल तर वारिवर्ग आठवायचा. शिवकालीन राजव्यवहारकोशही याच पद्धतीने, कारभाराच्या विषयांचे वर्ग पाडून लिहिलेला आहे. पण अमरकोशाच्या तिसऱ्या कांडात, जिथे एका शब्दाचे अनेक अर्थ दिले आहेत तिथे, मांडणी एकदम बदलते. तिथे शब्द लागतात ते शेवटच्या व्यंजनानुसार : आधी 'क'ने संपणारे, मग 'ख'ने संपणारे, असे पुढे. यमक जुळवणाऱ्या कवीला शब्दाची हीच बाजू अधिक कामाची.

याच परंपरेत एकाक्षरकोशही झाले. त्यांत एकेका अक्षराचे अर्थ दिलेले असत. 'क' म्हणजे ब्रह्मा, पाणी, सुख. 'ख' म्हणजे आकाश. 'खग' हा दोन अक्षरी शब्द त्या 'ख'मधून आलेला आहे, आकाशात जाणारा तो खग. कोड्यात 'पक्षी' असे सूचक आले की आजही हाच शब्द आधी आठवतो.

ज्याने पहिले अक्षर आणि लांबी या दोन्हींवर कोश रचला तो हेमचंद्र. बाराव्या शतकातला हा जैन आचार्य गुजरातेतल्या अणहिलवाड पाटणच्या सिद्धराज जयसिंह आणि कुमारपाल या राजांच्या दरबारी होता. त्याच्या अनेकार्थसंग्रहाची कांडेच मुळी शब्दातल्या स्वरांच्या संख्येवर पाडलेली आहेत : एकस्वर, द्विस्वर, त्रिस्वर, असे सहापर्यंत. पण कोडी सोडवणाऱ्याने खरोखर पाहावा असा त्याचा ग्रंथ म्हणजे देशीनाममाला. संस्कृतवरून ज्यांची व्युत्पत्ती लागत नाही अशा सुमारे चार हजार प्राकृत शब्दांचा हा कोश. त्याचे आठ वर्ग आहेत. पहिला स्वरांचा, मग क-वर्ग, च-वर्ग असे वर्णमालेच्या क्रमाने. प्रत्येक आद्याक्षराखाली आधी दोन अक्षरी शब्द, मग तीन, मग चार, मग पाच. अनेक अर्थांचे शब्द त्यांच्यानंतर वेगळे, तेही अक्षरसंख्येनेच लावलेले. 'झ'ने सुरू होणारा दोन अक्षरी शब्द शोधायचा तर तिथे थेट बोट ठेवता येते.

त्याने हा क्रम का घेतला असावा हे समजण्यासारखे आहे. देशी शब्दाला धातू नाही आणि संस्कृतातला ओळखीचा नातेवाईकही नाही. वाचकाला असा शब्द अडला तर त्याचा अर्थ त्याला ठाऊक नसतो, त्यामुळे विषयवार वर्ग निरुपयोगी ठरतात. त्याच्यापाशी असते ते फक्त शब्दाचे रूप : सुरुवात कशाने होते आणि अक्षरे किती. कोडे सोडवणाऱ्यापाशीही नेमके तेवढेच असते. दोघांची गरज एकच असल्याचे मला हा ग्रंथ चाळताना फार जाणवते.

मराठी वाचकाला तर या कोशात घरचीच माणसे भेटतात. पोटासाठी 'पोट्ट', डोंगरासाठी 'डुंगर', चिखलासाठी 'चिक्खल्ल', वेलींच्या दाटीसाठी 'झाड'. पिशेल आणि ब्यूलर या जर्मन संस्कृत पंडितांनी या ग्रंथाची संपादित आवृत्ती १८८० साली मुंबई संस्कृत मालेत काढली. दुसरी आवृत्ती पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९३८ साली प्रसिद्ध केली.

पुढे छापील कोशांनी ही वाट सोडली. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यात सुमारे ६०,००० शब्द झाले. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात आले. दोन्ही काटेकोर वर्णक्रमाचे. त्यांत चूक काही नाही, कारण अर्थ पाहायला येणाऱ्याच्या हातात अख्खा शब्द असतो आणि त्याला लांबीची गरज नसते. एक गुंता मात्र लक्षात ठेवावा. मराठी वर्णमालेत 'क्ष' आणि 'ज्ञ' अगदी शेवटी येतात, तर आपट्यांच्या संस्कृत कोशात 'क्षमा' शोधायला 'क'च्या पानांवर जावे लागते.

कोशांबाहेर हा शोध तोंडी चालूच होता. भेंड्यांत शेवटचे अक्षर पुढच्या गड्याला बांधून घालते. मराठीत 'ळ'ने शब्द सुरू होत नाही आणि 'ण'नेही व्यवहारात नाहीच, म्हणून तिथे 'ल' आणि 'न' चालवून घेण्याची रीत पडली. 'ठ', 'थ', 'छ' आले की ठसा, ठेव, थवा, थाट, छत, छंद असे शब्द ज्याच्या जिभेवर तयार, त्याच्यावर भेंडी चढत नाही.

मग आले शब्दकोडे. लिव्हरपूलमध्ये जन्मलेल्या आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड'च्या रविवारच्या पुरवणीत शंकरपाळ्याच्या आकाराचे पहिले आधुनिक कोडे छापले. १९२४ साली सायमन आणि शुस्टर यांनी कोड्यांचे पहिले पुस्तक काढले तेव्हा सोबत पेन्सिलही दिली होती. लंडनच्या 'टाइम्स'ने १ फेब्रुवारी १९३० रोजी कोडे सुरू केले. अमेरिकेतल्या कोड्यांत पुढे एक संकेत रूढ झाला : तीन अक्षरांहून छोटा शब्द नको आणि प्रत्येक घर आडवे-उभे दोन्हीकडून तपासलेले हवे.

देवनागरीत हा संकेत तसाच आणता येत नाही. आपले घर वर्णाचे नाही, अक्षराचे आहे. 'स्त्री' हा पूर्ण शब्द एका घरात मावतो. 'की'वरून जाणाऱ्या दुसऱ्या शब्दालाही 'की'च लागतो. 'का' किंवा 'के' चालत नाही. त्यामुळे एकमेकांना छेदणारी घरे कमी होतात, काळी घरे वाढतात, आणि दोन-तीन अक्षरी शब्दांवर कोड्याचा सगळा भार येतो. ऊब, ऊस, ऐट, औत, ऋण हे शब्द मराठी कोड्यांत पुन्हा पुन्हा दिसतात त्याचे हे कारण. त्यात रचनाकाराचा आळस नाही.

छोट्या शब्दांवरून आपल्याकडे एकदा कोर्टापर्यंत प्रकरण गेले. प्रवेशमूल्य भरून सोडवायच्या बक्षिसी कोड्यांचा स्वातंत्र्यानंतर सुळसुळाट झाला होता. त्यांत एकाच घरात दोन शब्द सारखेच बसत आणि आयोजकांनी आधी ठरवलेला शब्द तेवढा बरोबर धरला जाई. बंगळूरला छापल्या जाणाऱ्या आणि मुंबई राज्यात मोठा खप असलेल्या 'स्पोर्टिंग स्टार' साप्ताहिकातल्या अशा स्पर्धेचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. ९ एप्रिल १९५७ रोजी न्यायालयाने ती स्पर्धा जुगार ठरवली. त्याच्या दोन वर्षे आधीच, १९५५ साली, संसदेने बक्षीस स्पर्धा कायदा करून महिन्याच्या बक्षिसांना एक हजार रुपयांची मर्यादा घातली होती. माझ्या मते ही वेसण योग्यच होती. जिथे दोन शब्द तितकेच बरोबर असतात, तिथे शब्दज्ञानाची परीक्षा उरत नाही.

लेखनाच्या नियमांनीही छोट्या शब्दांची घरे हलवली. साहित्य महामंडळाचे १४ नियम राज्य सरकारने १९६२ साली स्वीकारले, १९७२ साली आणखी चार आले. 'कवि'चा 'कवी' झाला, 'नांव'चे 'नाव' झाले. जुन्या कोशातून शब्द उचलणाऱ्याने शेवटची वेलांटी आणि अनुस्वार तपासलाच पाहिजे, नाहीतर छेदणारा शब्द जुळणार नाही.

आता शोध संगणकावर चालतो. मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या संग्रहात ऑनलाइन आहेत. अडचण आहे मोजणीची. 'स्त्री' हे आपल्या डोळ्यांना एक अक्षर, पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर लिपी साठवण्याच्या सर्वमान्य पद्धतीत, त्याचे सहा घटक होतात : स, हलन्त (पाय मोडल्याची खूण), त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. घटक मोजणाऱ्या साध्या प्रोग्रामला 'दोन अक्षरी शब्द दे' म्हटले तर 'ढग' सापडतो, पण 'ढाल' निसटते, कारण काना वेगळा मोजला जातो. दिसणारी अक्षरे मोजण्याचे युनिकोडचे नियमही बराच काळ जोडाक्षर तोडत असत आणि 'स्त्री'चे तीन तुकडे होत. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या १५.१ आवृत्तीने देवनागरी जोडाक्षर एकसंध धरायला सुरुवात केली. नव्या नियमाने चालणाऱ्या प्रोग्रामला कोशातले शब्द आद्याक्षर आणि मग अक्षरसंख्या या क्रमाने लावायला सांगितले, तर जी यादी निघेल तिचा क्रम ढोबळमानाने देशीनाममालेचाच असेल.