पंधराचा डबा : लिटर की किलो?

लग्नसराई जवळ आली की लातूर, परभणी, नांदेडच्या किराणा दुकानांत तेलाच्या डब्यांची थप्पी लागते. एका डब्यावर १५ लिटर लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर १५ किलो. गिऱ्हाईक 'पंधराचा डबा' मागतं आणि त्यातला स्वस्त उचलतं. पण या दोन डब्यांत जवळजवळ १ किलो ३५० ग्रॅम तेलाचा फरक आहे.

एक लिटर पाणी किलोभर भरतं, तेल भरतं साधारण ९१० ग्रॅम. म्हणून लिटरला ०.९१ ने गुणलं की किलो मिळतात आणि किलोला १.१ ने गुणलं की लिटर. १५ लिटरच्या डब्यात १३.६५ किलो तेल, तर १५ किलोच्या डब्यात जवळपास साडेसोळा लिटर. समजा, लिटरचा डबा २१०० रुपयांना आहे आणि किलोचा २२५० ला. पहिल्यात किलोमागे १५४ रुपये पडतात, दुसऱ्यात १५०. महाग दिसणारा डबाच स्वस्त निघाला.

तेल पाण्यापेक्षा घट्ट वाटतं, मग हलकं कसं? घट्टपणा म्हणजे वाहताना होणारा अडथळा. वजनाशी त्याचा थेट संबंध नाही. तेलाचे रेणू लांबलचक साखळ्यांचे असतात, म्हणून ते एकमेकांवरून सावकाश सरकतात. पण या साखळ्या मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजनच्या, आणि हायड्रोजन हा सगळ्यांत हलका अणू. पाण्याच्या छोट्या रेणूत जड ऑक्सिजन असतो आणि ते रेणू एकमेकांना घट्ट ओढून धरतात, त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त वजन मावतं. तेलातेलांतही थोडा फरक आहे. आपल्याकडच्या करडईचं तेल शेंगदाण्याच्या तेलापेक्षा किंचित जड असतं. घरच्या हिशेबाला मात्र दोन्हीसाठी ०.९१ पुरतं.

खरी गंमत तापमानाची. तेल तापलं की फुगतं, वजन तेवढंच राहतं. लिटरभर सोयाबीन तेल २१ अंश सेल्सिअसला ९१९.१ ग्रॅम भरतं, ६० अंशाला ८९२.६ ग्रॅम. काही उत्पादक पिशवीवर ६० अंशासारखं चढं तापमान छापून त्या हिशेबाने कमी वजन भरत. म्हणून केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या ऑगस्टमध्ये सांगितलं, की तापमानाचा उल्लेख न करता लिटरचं माप लिहा आणि सोबत वजनही द्या. त्यासाठी १५ जानेवारी २०२३ पर्यंत मुदत होती. माझ्या मते पिशवी घेताना आधी वजनाचा आकडाच वाचावा. थंडीत परभणीचा पारा एक आकडी होतो, उन्हाळ्यात चाळिशी ओलांडतो. लिटर त्याप्रमाणे बदलतो, किलो बदलत नाही.

घाण्यावरून तेल आणतानाही काट्यावर तोलून घेतलेलं बरं. मापाने घेतलं तर थोडं तेल मापाच्या आतल्या बाजूला चिकटून राहतं. थंडीत ते जास्तच, कारण १० अंशाला तेल ३० अंशाच्या मानाने दुपटीहून घट्ट झालेलं असतं. माप उलटं धरलं तरी धार लवकर तुटते आणि मग थेंब थेंब निथळत राहतो. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर हे पडताळता येतं. रिकामं भांडं ठेवून काटा शून्यावर आणा आणि १०० मिलीचं माप त्यात ओता. आकडा ९१ च्या आसपास यायला हवा. दोन-तीन ग्रॅम कमी आला, तर ते तेल मापालाच चिकटलेलं असण्याची शक्यता जास्त.

तळणाच्या कढईत हे फुगणं सगळ्यांत मोठं असतं. खोलीच्या तापमानाचं तेल १८० अंशापर्यंत तापलं की दहा टक्क्यांहून जास्त फुगतं, म्हणजे दोन लिटर ओतलेलं तेल सव्वादोन लिटरच्या जवळ जातं. त्यात भजी सोडली की पिठातल्या पाण्याची वाफ होऊन फेस आणखी वर चढतो. म्हणून थंड तेल कढईच्या अर्ध्यापर्यंतच ओतावं.