मॅक्सवेल–जॉन्स्टन वैर

स्कॉटलंडच्या नैर्ऋत्य सीमाभागातील दोन बलाढ्य घराण्यांमधील रक्तरंजित संघर्ष. मॅक्सवेलांचा जोर निथ नदीच्या खोऱ्यात व डम्फ्रीसच्या परिसरात होता. त्यांचा त्रिकोणी आकाराचा केअरलॅव्हरॉक किल्ला आजही पाहता येतो. जॉन्स्टनांचे ठाणे अ‍ॅननडेलमधील लॉकवुड येथे होते. शेजार, गुरांची लूट आणि जुने हिशेब ही कारणे होतीच. पण खरा तंटा ‘वॉर्डन’पदाचा होता. इंग्लंडला लागून असलेल्या पश्चिम सीमाप्रांतात न्याय व बंदोबस्त पाहणारा हा राजाचा अधिकारी. पद कधी एका घराण्याकडे, तर कधी दुसऱ्याकडे जाई आणि ज्याच्या हाती ते येई, त्याला शत्रूवर कायद्याच्या नावाने चालून जाता येई. म्हणजे आग विझवायला नेमलेल्याच्याच हाती राजाने पलिता दिला होता.

१५८५ मध्ये मॅक्सवेलांनी लॉकवुड जाळले. जॉन्स्टनप्रमुख त्यांच्या हाती सापडला आणि १५८७ मध्ये मरण पावला.

१५९३ च्या उन्हाळ्यात जॉन्स्टनांनी निथच्या खोऱ्यात लूटमार केली. तेथील बायका मारल्या गेलेल्या आप्तांचे रक्ताळलेले सदरे घेऊन एडिंबरोत दाद मागायला गेल्या. वॉर्डन असलेला लॉर्ड जॉन मॅक्सवेल कारवाईसाठी निघाला. ६ डिसेंबर रोजी लॉकर्बीजवळ ड्राइफ सँड्स येथे गाठ पडली. मॅक्सवेलकडे सुमारे २,००० माणसे होती असे सांगतात. सर जेम्स जॉन्स्टनकडे त्याहून बरीच कमी. जॉन्स्टनने थोडे स्वार पुढे धाडून पळ काढल्याचा देखावा केला. पाठलागात मॅक्सवेलची आघाडी विस्कळीत होताच दबा धरलेले लोक तुटून पडले. स्वतः मॅक्सवेल मारला गेला. पळणाऱ्यांच्या डोक्याचेहऱ्यावर वरून घातलेल्या तलवारीच्या वारांना पुढे ‘लॉकर्बी लिक’ असे नाव पडले. राजाच्या वॉर्डनला मारणारा जॉन्स्टन काही वर्षांतच, १५९६ मध्ये, स्वतः वॉर्डन झाला!

एप्रिल १६०८ मध्ये समेटासाठी दोन्ही प्रमुख भेटले. सोबत प्रत्येकी एकच सेवक, आणि मध्यस्थ दोघांचाही नातलग. सेवकांची जुंपली. जॉन्स्टन तिकडे वळला, तोच मृत मॅक्सवेलचा मुलगा, नववा लॉर्ड, याने त्याच्या पाठीत गोळ्या झाडल्या. मारेकरी परदेशी पळाला, परतल्यावर पकडला गेला आणि २१ मे १६१३ रोजी एडिंबरोत त्याचा शिरच्छेद झाला. घराण्याची सूत्रे पुढे त्याचा भाऊ रॉबर्ट याच्याकडे आली व तो निथ्सडेलचा अर्ल झाला.