२८ अधिक ३: एका चाचणीतला अडलेला हिशेब

२०१८मध्ये रक्तदाबाच्या काही गोळ्यांत नायट्रोसामाइन या कर्करोगाचा धोका असलेल्या रसायनाचा अंश सापडला आणि जुना प्रश्न पुन्हा डोकं वर काढू लागला: रसायनामुळे जिवंत प्राण्याच्या जनुकांत बदल होतो का, हे तपासायचं कसं? जिवाणूंवरची चाचणी झटपट उरकते. पण शरीरात रसायनाचं रूप यकृतात बदलतं; तिच्यात यकृताचा अर्क मिसळला, तरी अर्क म्हणजे यकृत नव्हे.

उंदरांवरच्या चाचण्या आधी मुख्यतः केसांच्या रंगावर चालत. सात ठरावीक जनुकं धरायची आणि वेगळ्या रंगाचं एखादं पिल्लू सापडावं म्हणून हजारो पिल्लं न्याहाळायची. गाभण मादीला रसायन देऊन पिल्लांच्या अंगावरचे ठिपके मोजायचीही एक पद्धत होती. तिची मार्गदर्शिका (अशा चाचण्यांचे नियम ओईसीडी ही आंतरराष्ट्रीय संघटना ठरवते) १९८६ला आली, २०१४ला मोडीत निघाली.

खरं वळण १९८९च्या सुमारास आलं. प्रत्येक पेशीत जिवाणूचं एक जनुक बसवलेले उंदीर तयार झाले. यकृताच्या तुकड्यातून डीएनए काढायचा, फाज या जिवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूच्या कवचात भरायचा आणि ई. कोलाय जिवाणूंच्या थरावर सोडायचा; फाज जिथे जिवाणू मारतो तिथे ठिपका उमटतो. यातल्या एका जातीत जनुक शाबूत असेल तर ठिपका फिकट, बिघडलं असेल तर निळा. रसायन न दिलेल्या उंदरातही लाखात मोजके निळे निघतातच, म्हणून लाखांनी ठिपके तपासावे लागतात.

घोडं अडलं ते दिवसांवर. या चाचणीच्या २०११च्या मार्गदर्शिकेने २८ दिवस रोज डोस आणि मग ३ दिवसांचा खंड असं ठरवलं. २८ दिवसांबद्दल फारशी तक्रार नव्हती: बसवलेलं जनुक पेशीच्या काही कामाचं नसतं, त्यामुळे त्यातले बिघाड गाळले न जाता साचत जातात. वाद त्या ३चा. डीएनएला झालेली इजा म्हणजे म्युटेशन, म्हणजे जनुकातला पक्का बदल, नव्हे. पेशी विभागताना इजा झालेल्या धाग्याची चुकीची नक्कल होते, तेव्हा ती इजा पक्की होते. आतड्याच्या अस्तरात पेशी भराभर विभागतात, तिथे ३ दिवस पुरतात. यकृताचं काम संथ. वृषणातल्या बीजपेशींना तर शुक्रजंतू होईपर्यंत कित्येक आठवडे लागतात, तिथे तिसऱ्या दिवशी 'काही आढळलं नाही' या निकालाला अर्थ तो किती? ३ हा आकडा सगळ्या अवयवांना एकाच मापाने मोजण्यासाठी केलेली तडजोड होती, आणि माझ्या मते ती बीजपेशींच्या वाट्याला फार महागात गेली. २०२०च्या सुधारणेत त्यांच्यासाठी २८ अधिक २८ आलं. हे नऊ वर्षं आधीच व्हायला हवं होतं.

दरम्यान लाल रक्तपेशींवरून म्युटेशन मोजणाऱ्या चाचणीला २०२२मध्ये मार्गदर्शिका मिळाली. एक थेंब रक्त पुरतं, उंदीर मारावा लागत नाही, पण तिच्यातून यकृताचं काही कळत नाही. त्याहून मोठी उडी डीएनएचे दोन्ही धागे स्वतंत्र वाचून ताडून पाहणाऱ्या सीक्वेन्सिंगची. त्याला खास जनुक बसवलेला उंदीर लागत नाही, निळे ठिपकेही मोजावे लागत नाहीत. डोस आणि खंडाचं वेळापत्रक मात्र बहुतेक वेळा जनुक बसवलेल्या उंदरांच्या त्याच मार्गदर्शिकेतून उचललं जातं.