जपानी कार्ट्रिज अमेरिकी सुपर निन्टेंडोत खरंच 'लॉक' असतं का?

जुन्या गेमच्या गप्पांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "जपानी कार्ट्रिज अमेरिकी सुपर निन्टेंडोवर चालत नाही, आत चिप असते." चिप असते हे खरं. पण जपान आणि अमेरिका या दोघांत ती आडवी येतच नाही.

१९९० साली जपानात सुपर फॅमिकॉम हा गेम कन्सोल आला, १९९१ साली तोच अमेरिकेत सुपर निन्टेंडो या नावाने. दोन्हींत एकाच जातीची लॉकआउट चिप, म्हणजे परक्या कार्ट्रिजला अडवणारी चिप. अडवतं ते निव्वळ प्लास्टिक! अमेरिकी मशीनच्या खाचेत दोन छोटे दाते असतात. अमेरिकी कार्ट्रिजच्या पाठीला त्यांच्यासाठी चिरा असतात, जपानीला नसतात. म्हणून ते आत बसत नाही. दाते पक्कडीने काढले की गेम सुरू. (जुनं, जपलेलं मशीन असेल तर आधी कार्ट्रिज बसवायचा अ‍ॅडॉप्टर शोधा, एकदा मोडलेला दाता परत येत नाही.) उलट दिशेने अडचण वेगळी: चौकोनी अमेरिकी कार्ट्रिज जपानी मशीनच्या तोंडात मावत नाही.

खरं कुलूप युरोपच्या पाल (तिथली टीव्ही-पद्धत) मशीनला. तिथली चिप वेगळी, शिवाय चित्र ६० ऐवजी ५० हर्ट्झवर, त्यामुळे बरेच गेम सुमारे सतरा टक्के हळू पळतात. गंमत म्हणजे, युरोपी कार्ट्रिजचा आकार जपानीसारखाच. आत छान बसतं, पण चालत नाही.

भारतात वापरणार असाल तर एक लक्षात ठेवा: जपानी मशीनचा विजेचा अ‍ॅडॉप्टर १०० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये तो थेट लावू नका.