खान्देशातील वाचक आणि पहिला ई-रीडर : निवडीमागचा इतिहास

जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यातील वाचकाने आपला पहिला ई-रीडर, म्हणजे ई-पुस्तके वाचण्याचे हातातले यंत्र, कोणत्या कारणाने निवडला, याचे उत्तर यंत्रांच्या गुणदोषांत शोधू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही. पडद्याचा आकार, वजन, बॅटरी यांची तुलना करण्यासाठी दोन-चार यंत्रे समोर मांडलेली असावी लागतात, आणि तशी ती इकडच्या कोणत्याही दुकानात कधी नव्हती. ज्या दुकानातून पुस्तक मिळेल आणि त्याचे पैसे आपल्याला भरता येतील, त्या दुकानाचे यंत्र घ्यायचे, असाच व्यवहार बहुतांशी झाला. त्यातही मराठी पुस्तकांची कथा इंग्रजी पुस्तकांहून वेगळी आहे, आणि तिचा बराच भाग ई-रीडरवर घडलेलाच नाही.

खान्देशात वाचनाची परंपरा दुबळी नव्हती. अमळनेरचे तत्त्वज्ञान मंदिर १९१६ पासूनचे आहे, इतिहासाचार्य राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यात निवर्तले, त्यानंतर त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथेच उभे राहिले, जळगावचे व. वा. वाचनालय कित्येक पिढ्यांनी वापरले आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अमळनेरला १९५२ मध्ये भरले आणि पुन्हा २०२४ मध्येही भरले. अडचण होती ती पुस्तक विकत घेण्याची. तालुक्याच्या गावातील पुस्तकांचे दुकान म्हणजे मुख्यतः क्रमिक पुस्तके, गाईड आणि वह्यांचे दुकान. नवी कादंबरी हवी असेल तर पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून कोणाकडून तरी मागवायची, प्रकाशकाला पत्र लिहून व्ही. पी. ने, म्हणजे टपालाचे पार्सल सोडवताना पैसे भरण्याच्या पद्धतीने, बोलवायची, नाहीतर गावात पुस्तक प्रदर्शन लागेपर्यंत थांबायचे. इंग्रजी वाचणाऱ्याची स्थिती याहून बिकट होती. रेल्वे स्टेशनावरील स्टॉल आणि मुंबईची वारी, एवढेच त्याचे मार्ग. ई-पुस्तकाकडे या भागातील वाचक वळला तो या टंचाईमुळे. नव्या यंत्राची हौस हे कारण दुय्यम होते, असे मला वाटते.

ई-पुस्तक ही कल्पना ई-रीडरहून बरीच जुनी आहे. मायकेल हार्ट यांनी अमेरिकेत प्रोजेक्ट गुटेनबर्ग या विनामूल्य ई-पुस्तकांच्या प्रकल्पाला १९७१ मध्ये सुरुवात केली, तेव्हा वाचायला संगणकाखेरीज दुसरे साधन नव्हते. १९९८ मध्ये रॉकेट ई-बुक आणि सॉफ्टबुक ही हातात धरून वाचायची यंत्रे तिकडे बाजारात आली, परंतु त्यांचे पडदे एलसीडीचे होते, किंमत जबर होती आणि पुस्तके मोजकी होती, त्यामुळे ती टिकली नाहीत. खरा फरक पडला तो पडद्यामुळे. एमआयटीच्या मीडिया लॅबमधील संशोधनातून १९९७ मध्ये ई-इंक ही कंपनी निघाली. तिच्या पडद्यात केसाच्या जाडीइतक्या सूक्ष्म कुप्या असतात आणि प्रत्येक कुपीत विरुद्ध विद्युतभाराचे काळे व पांढरे कण तरंगत असतात; विजेचा दाब दिला की हवे ते कण वर येतात आणि वीज काढून घेतली तरी तेथेच राहतात. म्हणून पान उलटतानाच काय ती वीज लागते, एका चार्जिंगवर यंत्र आठवडेच्या आठवडे चालते, आणि पडदा स्वतः उजेड फेकत नसल्याने उन्हात अक्षर उलट अधिक स्पष्ट दिसते. २००४ मध्ये जपानात आलेले सोनीचे लिब्रिए हे असा पडदा असलेले पहिले विक्रीचे यंत्र, त्यानंतर २००६ मध्ये अमेरिकेत सोनी रीडर आले, आणि १९ नोव्हेंबर २००७ रोजी ॲमेझॉनने ३९९ डॉलर किमतीचे किंडल बाजारात आणले.

दिवसाचे कित्येक तास भारनियमनात जाणाऱ्या त्या वर्षांतील खान्देशाला यापैकी बॅटरीचा गुण विशेष मोलाचा होता. उन्हाचा गुण मात्र अर्धाच खरा. किंडलचे उत्पादक यंत्र वापरण्याची तापमान मर्यादा ३५ अंश सेल्सिअसपर्यंत सांगतात, आणि भुसावळ-जळगावात मे महिन्यातला पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. उन्हात वाचता येते, हे जाहिरातीतील वाक्य समुद्रकिनाऱ्यावर पहुडणाऱ्यांसाठी लिहिलेले होते. येथे ते झाडाच्या सावलीपुरते आणि सकाळच्या प्रहरापुरतेच लागू पडते.

किंडलचे यश पडद्यात जितके होते तितकेच दुकानात होते. सोनीच्या यंत्रावर पुस्तक चढवायला संगणक आणि केबल लागे. किंडलमध्ये मोबाइलचे जाळे बसवलेले होते आणि पुस्तक विकत घेताच ते थेट यंत्रात उतरे. त्या सोयीची किंमत अशी की ॲमेझॉनकडून घेतलेले पुस्तक ॲमेझॉनच्या स्वरूपात, कुलूप लावून येई आणि ते दुसऱ्या कंपनीच्या ई-रीडरवर उघडत नसे. बाकीचे विक्रेते ई-पुस्तकाच्या फाइलसाठी ईपब हे खुले प्रमाण वापरत, पण त्यावरही बहुधा ॲडोबीचे कुलूप असे. यंत्र निवडणे म्हणजे पुढील अनेक वर्षांचे दुकान निवडणे होते, आणि ही गोष्ट घेणाऱ्याच्या सहसा नंतर लक्षात येई. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल यांची दोन पुस्तके हक्कांच्या वादामुळे ग्राहकांच्या किंडलमधून दूरस्थपणे काढून टाकली आणि पैसे परत केले, तेव्हा या व्यवहारात मालकी नेमकी कोणाची, हा प्रश्न जगभर चर्चेला आला.

भारतात किंडल मागवणे ऑक्टोबर २००९ पासून शक्य झाले. शंभरहून अधिक देशांसाठी काढलेल्या त्या आवृत्तीची किंमत २७९ डॉलर होती, वर आयात शुल्क वेगळे. पुस्तकांच्या किमतीही डॉलरमध्येच, म्हणजे परदेशी व्यवहाराला चालणारे क्रेडिट कार्ड हवे. बँकेच्या शाखेत जाऊन पासबुकावर शिक्का मारून घेणाऱ्या निमशहरी ग्राहकाकडे ते असण्याची शक्यता कमीच. म्हणून या काळात खान्देशात यंत्र आले ते प्रामुख्याने अमेरिकेतील मुला-भाच्याच्या बॅगेतून, आणि पुस्तके घेतली गेली तीही त्याच नातलगाच्या खात्यावरून. २०१० मध्ये इन्फीबीम या भारतीय कंपनीने ‘पाय’ नावाचा ई-रीडर ९,९९९ रुपयांना काढला आणि भारतीय भाषांचा त्याच्या जाहिरातीत उल्लेख होता, पण त्यावर वाचण्याजोगी विकतची मराठी पुस्तके तेव्हा कोठे होती? यंत्र हातात आणि दुकान रिकामे, अशी ही स्थिती होती.

ऑगस्ट २०१२ हा या इतिहासातील पहिला निर्णायक टप्पा म्हणता येईल. ॲमेझॉनने भारतासाठी रुपयांत किमती असलेले किंडल स्टोअर उघडले आणि साधे किंडल क्रोमाच्या दुकानांतून ६,९९९ रुपयांना विकायला ठेवले. ॲमेझॉनचे भारतीय संकेतस्थळ त्यानंतर, जून २०१३ मध्ये आले. दरम्यान फ्लिपकार्टने २०१२ च्या अखेरीस ई-पुस्तके विकायला सुरुवात केली, मात्र स्वतःचे यंत्र न काढता ती मोबाइल आणि टॅबलेटवरील ॲपमध्ये दिली. फ्लिपकार्ट खान्देशातील वाचकाच्या परिचयाचे होते, कारण घरपोच छापील पुस्तक आणि पैसे पार्सल हाती पडल्यावर, ही सोय त्याने २०१० पासून दिलेली होती. ई-पुस्तकाला ही सोय लागू होत नाही, कारण हाती पडण्यासारखे त्यात काही नसते. ऑनलाइन व्यवहारासाठी कार्डाला दुसरा पासवर्ड लागण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियमही ऑगस्ट २००९ पासून आला होता. तो सुरक्षेसाठी योग्यच होता, पण पन्नास-शंभर रुपयांच्या पुस्तकासाठी एवढा खटाटोप करताना मध्येच नेट गेले की माणूस पुन्हा त्या वाटेला जात नसे.

दुकानावर विसंबून राहण्याचा धोकाही याच दशकात दिसला. सोनीने २०१४ मध्ये अमेरिकेतील आपले रीडर स्टोअर बंद करून ग्राहक कोबो या कॅनडातील कंपनीकडे वळवले, आणि २०१५ च्या अखेरीस फ्लिपकार्टनेही ई-पुस्तकांची विक्री थांबवून ग्राहकांना कोबोकडेच पाठवले. घेतलेली पुस्तके वाचकाला नव्या ठिकाणी हलवून घ्यावी लागली. यानंतर भारतात ई-रीडर घेणाऱ्यापुढे व्यवहारात किंडलचाच पर्याय उरला, आणि त्याला पसंती म्हणणे थोडे धाडसाचे होईल.

आता मराठीकडे वळू. प्रत्येक अक्षराला सर्व यंत्रांवर एकच सांकेतिक क्रमांक देणाऱ्या युनिकोड या पद्धतीत देवनागरी १९९१ पासून आहे, तरीही महाराष्ट्रातील छापखाने आणि अक्षरजुळणीकार पुढे दीर्घकाळ श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा युनिकोडबाहेरच्या फाँटसंचांवर काम करत राहिले. त्या फाँटमधील मजकूर तो फाँट नसलेल्या यंत्रावर उघडला की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. म्हणजे पुस्तक संगणकावर जुळवलेले असूनही ते ई-पुस्तक होऊ शकत नव्हते. ते रूपांतरित करून पुन्हा मुद्रितशोधन करावे लागे, आणि तो खर्च कोणी करायचा, हा प्रकाशकाचा रास्त प्रश्न होता. युनिकोडमध्ये मजकूर असला तरी यंत्राला जोडाक्षरे बांधता यायला हवीत. वेलांटी व्यंजनाच्या आधी काढणे, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर नेणे, ‘तऱ्हा’मधील र वेगळा दाखवणे हे सुरुवातीच्या ई-रीडरच्या सॉफ्टवेअरला जमत नव्हते. सुटी पडलेली अक्षरे वाचून पुस्तकाचा आस्वाद घेता येत नाही.

यावर तोडगा म्हणून पीडीएफ आले. ई साहित्य प्रतिष्ठानने २००८ पासून मराठी पुस्तके पीडीएफ स्वरूपात विनामूल्य द्यायला सुरुवात केली, आणि ई-मेलने आलेली अशी फाइल हे अनेकांचे पहिले मराठी ई-पुस्तक ठरले. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या प्रकल्पात स्कॅन झालेली जुनी मराठी पुस्तकेही फिरू लागली. पीडीएफमध्ये फाँट आतच बसवलेला असल्याने अक्षर मोडत नाही, मात्र पानाची मांडणी जखडलेली असते. सहा इंची पडद्यावर ते पान मावायचे तर अक्षर मुंगीएवढे होते, आणि मोठे करावे तर प्रत्येक ओळीसाठी पान डावी-उजवीकडे सरकवावे लागते. ई-इंकचा पडदा मुळात संथ, त्यामुळे तेही सुखाचे नाही. मराठीसाठी म्हणून ई-रीडर घेतलेल्यांची निराशा झाली ती बहुतेक येथेच, आणि ते संगणकाकडे किंवा टॅबलेटकडे परतले.

विनामूल्य पुस्तकांच्या वाढीला कायद्याचाही हातभार होता. भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी त्याचे साहित्य हक्कमुक्त होते. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असलेले साने गुरुजी जून १९५० मध्ये गेले, त्यामुळे १ जानेवारी २०११ पासून त्यांचे लेखन कोणालाही प्रसिद्ध करता येऊ लागले. धरणगावचे बालकवी १९१८ मध्येच निवर्तले असल्याने त्यांच्या कवितेला अशी वाट पाहावी लागली नाही. असोद्याच्या बहिणाबाईंचा हिशोब थोडा निराळा आहे, कारण त्यांचा संग्रह त्यांच्या निधनानंतर, १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि मरणोत्तर प्रकाशनात साठ वर्षे प्रकाशनापासून मोजतात. खान्देशाशी जोडलेली ही तिन्ही नावे ई-रूपात आधी मिळाली आणि आजची नवी पुस्तके मागाहून, हा क्रम त्यामुळे झाला.

विकतच्या मराठी ई-पुस्तकांचे पहिले ठळक दुकान पुण्याचे बुकगंगा. छापील पुस्तकांबरोबर त्याने ई-आवृत्त्या ठेवल्या, पण त्या वाचायच्या त्याच्याच ॲपमध्ये. किंडलवर त्या चालत नव्हत्या. पुढे डेलीहंट झालेल्या न्यूजहंटने बातम्यांच्या ॲपमध्येच भारतीय भाषांतील पुस्तके विकली आणि मोबाइलच्या बॅलन्समधून पैसे कापून घेण्याची सोय दिली. क्रेडिट कार्ड नसलेल्या वाचकासाठी ही सोय ई-रीडरच्या कोणत्याही सुधारणेपेक्षा मोठी होती. यंत्र वेगळे घ्यायचे नाही, कार्ड नको, आणि देवनागरी फोनवर एव्हाना नीट दिसू लागली होती.

२०१६ मध्ये बऱ्याच गोष्टी एकाच वेळी जुळून आल्या. सप्टेंबरमध्ये जिओ आले आणि डेटा स्वस्त झाला. नोव्हेंबरच्या नोटाबंदीने दुकानदारापासून शेतकऱ्यापर्यंत सर्वांना फोनवरून पैसे देण्याची सवय लावायला भाग पाडले. आणि १ डिसेंबरला ॲमेझॉनने मराठी, हिंदी, गुजराती, तमिळ आणि मल्याळम या पाच भाषांतील पुस्तके किंडल स्टोअरमध्ये आणल्याचे जाहीर केले. महिना वर्गणी भरून वाचायची किंडल अनलिमिटेड योजना भारतात वर्षभर आधीच, सप्टेंबर २०१५ मध्ये १९९ रुपयांत सुरू झालेली होती. सहा इंची यंत्रावर मराठी कादंबरी अक्षर लहानमोठे करून वाचता येण्याचा काळ खऱ्या अर्थाने येथून सुरू होतो, म्हणजे पहिले किंडल निघाल्यावर नऊ वर्षांनी. करांनी मात्र ई-पुस्तकाला छापील पुस्तकाच्या बरोबरीने वागवले नाही: छापील पुस्तक जीएसटीमुक्त राहिले, ई-पुस्तकावर १८ टक्के लागला, आणि ज्यांची छापील आवृत्ती आहे अशा ई-पुस्तकांसाठी तो जुलै २०१८ मध्ये ५ टक्क्यांवर आणण्यात आला.

तोपर्यंत खान्देशातील बहुसंख्य मराठी वाचकांनी आपली निवड केलेली होती, आणि ती फोनची होती. ई-रीडर राहिला तो इंग्रजीही वाचणाऱ्यांकडे : प्राध्यापक, बँकेतील आणि रेल्वेतील कर्मचारी, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे. त्यांच्यापैकी जे ॲमेझॉनकडून घेतलेली पुस्तके संगणकावर उतरवून केबलने यंत्रात टाकत, त्यांची ती वाट ॲमेझॉनने २६ फेब्रुवारी २०२५ पासून बंद केली. घरचीच भाषा म्हणाल तर अहिराणीला या दुकानांत अद्याप स्वतःचा कप्पा नाही. लिपी देवनागरीच असल्याने ती पडद्यावर उमटण्यात अडचण काहीच नाही, परंतु किंडलवर पुस्तक प्रसिद्ध करताना भाषांच्या यादीत तिचे नाव येत नाही आणि अहिराणी लेखकाला आपले पुस्तक मराठीच्या नावाखाली नोंदवावे लागते.